भरलेले तळे की रिकामे तळे? मातीच्या लहान धरणांविषयी वाचकांचे प्रश्न

कोकणातल्या लहान मातीच्या धरणांविषयी आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. तळे भरलेले राहिले तर चार पर्यटक येतील आणि त्याच तळ्याने पावसाळ्यात खालची वाडीही वाचवावी, ही अपेक्षा बहुतेक पत्रांत आहे. उत्तरे लघुपाटबंधारे आणि जलसंधारणाची कामे जवळून जाणणाऱ्यांनी दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या मातीच्या धरणाची उंची साडेसात मीटर, तळे साधारण दोन हेक्टर. फेब्रुवारीपासून पाणी उतरत जाते आणि ऐन सुट्टीत बोटिंग बंद पडते. सांडव्यावर (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर) दोन फूट उंचीच्या फळ्या लावून पाणी वाढवले तर चालेल का? सांडव्यापासून धरणाचा माथा चांगला सहा फूट वर आहे, जागा भरपूर आहे. (ग्रामपंचायत सदस्य, गुहागर तालुका)

उत्तर : ती सहा फुटांची जागा रिकामी पडलेली नाही, ती पुराची जागा आहे. सहा फूट म्हणजे 1.8 मीटर. मोठ्या पुरात सांडव्यावरून एक मीटर जाडीचे पाणी वाहील असा हिशोब धरला, तर वर 80 सेंटिमीटर उरतात. तुम्ही 60 सेंटिमीटरच्या फळ्या लावल्या की त्याच पुरात पाणी माथ्याखाली 20 सेंटिमीटरवर येऊन ठेपते. आता माथा बघा. साडेसात मीटर उंचीचा भराव नीट दाबलेला असला तरी वर्षांनुवर्षांत दोन टक्के खचतो, म्हणजे 15 सेंटिमीटर. तोही मधोमध खचतो, कारण भराव तिथेच सर्वांत उंच असतो. हातात उरले पाच सेंटिमीटर. वाऱ्याने उठणारी लाट त्याहून मोठी असते.

हाच हिशोब उलट्या बाजूनेही करून बघा. पुराची पातळी पहिल्याइतकीच ठेवायची म्हटली, तर फळ्यांवरून जायला फक्त 40 सेंटिमीटर जाडीचे पाणी उरते. सांडव्याची वहनक्षमता पाण्याच्या जाडीच्या दीड घाताने बदलते. त्यामुळे एक मीटरच्या जागी 40 सेंटिमीटर झाले की क्षमता निम्म्यावर न येता पावावर येते.

दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेले तर तो बहुधा टिकतो. मातीची भिंत टिकत नाही. वरून सांडणारे पाणी बाहेरच्या उताराचा पायथा खरवडते, तिथे पायरी पडते, पायरी मागे मागे सरकत माथ्यापर्यंत येते आणि मग भिंतीत घळ पडते. एकदा घळ पडली की थांबवायला हातात काही राहत नाही.

‘पूर आला की फळ्या काढू’ असे पत्रात पुढे लिहिले आहे. मीटरभर लांबीच्या दोन फुटी फळीवर नुसत्या उभ्या पाण्याचाच 180 किलोंच्या आसपास दाब असतो. वरून पाणी वाहू लागले की तो आणखी वाढतो. लाकूड फुगून खाचेत बसलेले असते, सांडव्याचा उंबरठा शेवाळलेला असतो, आणि कोकणातला मोठा पाऊस बऱ्याचदा रात्रीच येतो. त्या वेळी फळ्या कोणीही काढू शकत नाही. सांडव्यात मासे अडवायला बांधलेल्या जाळ्यांचे आणि बांबूच्या ताट्यांचेही तेच. पहिल्या पाण्यात पाचोळा, प्लास्टिक आणि ओंडके येऊन त्यांची भिंत होते.

तरीही फळ्या लावायच्याच असतील, तर दिवाळीनंतर लावा आणि एप्रिल संपण्याआधी काढा. तौक्ते चक्रीवादळ 2021 मध्ये मेच्या मध्यावर कोकण किनाऱ्यावरून गेले, त्यामुळे ‘सात जूनपर्यंत वेळ आहे’ हा हिशोब सोडून द्या. फळ्यांसाठी सांडव्यात कायमचे खांब उभे करू नका, त्यांनी रुंदी खाल्ली जाते. शिवाय भिंतीतल्या चिकणमातीच्या गाभ्याचा माथा कोणत्या पातळीला आहे ते मूळ नकाशात पाहून घ्या. गाभ्याच्या वर महिनोन्‌महिने पाणी उभे राहिले तर ते बाहेरच्या मुरमाच्या थरातून पाझरत येते.

आमचे मत विचाराल तर फळ्यांचा नाद सोडा आणि विमोचकाचे, म्हणजे तळातून पाणी सोडणाऱ्या पाइपाचे, झडप तपासा. झडपातून सेकंदाला एक लिटर पाणी गळत असेल तर दिवसाला 86 घनमीटर जाते. चार महिन्यांत 10 हजार घनमीटरच्या वर, म्हणजे दोन हेक्टरच्या तळ्यात अर्धा मीटर. तुमच्या दोन फुटांपैकी बहुतेक इथेच सापडण्याची शक्यता आहे. उन्हाने जाणारे रोजचे चार-पाच मिलिमीटर आपल्या हातात नाहीत, झडप आहे. बहुतेक वेळा झडपाच्या बैठकीत काठी किंवा खडा अडकलेला असतो. झडप एकदा पूर्ण उघडून जोराच्या पाण्याने बैठक धुवून घ्या आणि पुन्हा बंद करा. तरीही गळत राहिले तर मेमध्ये पाणी तळाला गेल्यावर रबरी सील बदला, गजाला आणि चाकाला ग्रीस द्या.

प्रश्न : आमच्या वाडीच्या वर 80 हेक्टर पाणलोटाचे असेच लहान धरण आहे, तळे दोन हेक्टरचे. धरण झाल्यावर पूर येणार नाही असे सांगितले होते. पण जुलैत पऱ्या (ओढा) पूर्वीसारखाच घराच्या पायरीला लागतो. मग धरणाचा उपयोग काय? (संगमेश्वर तालुका)

उत्तर : भरलेले धरण पूर अडवत नाही. वरून जितका येवा, म्हणजे तळ्यात येणारे पाणी, जवळजवळ तितकेच पाणी सांडव्यावरून खाली, फक्त थोडे उशिरा. तुमचे तळे जूनअखेरीस भरत असेल, तर जुलैच्या पुरात ते रस्त्यातल्या डबक्याइतकेच कामाचे.

आकडे घ्या. एका पावसात 100 मिलिमीटर पडले आणि त्यातले 60 टक्के वाहून आले, तर 80 हेक्टरांवरून 48 हजार घनमीटर पाणी येते. दोन हेक्टरचे तळे दीड मीटर रिकामे असेल तर 30 हजार घनमीटर मावतात. म्हणजे निम्म्याहून जास्त पूर अडला. तळे काठोकाठ असेल तर अडलेले पाणी जवळपास शून्य.

तुमच्या आणि गुहागरच्या पत्रलेखकाच्या मागण्या एकमेकींच्या विरोधात आहेत असे वाटते, पण कोकणात तसे असण्याचे कारण नाही. आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो, नौकाविहाराचे पर्यटक दिवाळीनंतर येतात. तेव्हा मेअखेर तळे दीड मीटर खाली आणायचे, जून ते ऑगस्ट विमोचक उघडा ठेवायचा, सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्धे भरू द्यायचे आणि घटस्थापनेच्या सुमारास झडप लावून टाकायचे. एकट्या सप्टेंबरात 200 मिलिमीटर पडले तरी तुमच्या पाणलोटातून 90 हजार घनमीटरच्या वर पाणी येते, वरचे दीड मीटर भरायला 30 हजार पुरतात. सप्टेंबर कोरडा जाईल ही भीती खरी आहे. म्हणूनच निम्मे महिन्याच्या सुरुवातीलाच अडवायचे.

आता मर्यादा. विमोचकाचा पाइप 300 मिलिमीटर व्यासाचा आणि वर पाच मीटर पाणी असेल, तर चाळीसेक मीटर लांबीच्या पाइपातून सेकंदाला 300 ते 350 लिटर जातात. दिवसाला साधारण 26 हजार घनमीटर. दिवसभरात 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे जुलैतला साधा दिवस. त्याचा येवा 24 हजार घनमीटर. म्हणजे पाइप पूर्ण उघडा असेल तर साध्या दिवशी तळे जागेवर राहते, लागोपाठ दोन मोठे दिवस आले की भरते. पहिला मोठा तडाखा अडवायचा आणि पुढच्या उघडिपीत पुन्हा जागा करायची, एवढेच या धरणाचे काम. ‘लाल इशारा’ आल्यावर झडप उघडून काही साधत नाही, ते आधीच उघडे हवे.

पाणी खाली आणताना घाई नको. तळे भराभर उतरवले तर आतल्या उताराच्या ओल्या मातीत पाणी कोंडून राहते, बाहेरून आधार देणारे पाणी निघून गेलेले असते, आणि उतार पिचिंगसकट (वरच्या दगडी अस्तरासकट) तळ्यात घसरतो. आतला उतार 1:3 (एक उभे, तीन आडवे) असेल आणि वर निचरा होणाऱ्या मुरमाचा जाड थर असेल तर थोडी सवलत आहे. जांभ्याच्या चिकट लाल मातीचा 1:2 किंवा 1:2.5 उतार असेल तर दिवसाला 30 सेंटिमीटरची मर्यादा पाळा. दीड मीटरला पाच दिवस लागतात. वर सांगितलेला पाइप पूर्ण उघडला तर तळे एका दिवसात सव्वा मीटर उतरते, तेव्हा मेमध्ये झडप पावभरच उघडायचे. पावसाळ्यात मात्र पूर झेलून पुन्हा जागा करण्याची घाई असते, म्हणून दरवर्षी असे चढउतार करायचे ठरवले तर आतला उतार आधी अभियंत्याकडून तपासून घ्या.

आणखी एक. वाडी खाडीच्या काठावर असेल आणि पूर भरतीच्या वेळी चढत असेल, तर वरच्या लहान धरणाकडून फार अपेक्षा ठेवू नका. वाशिष्ठीकाठचे चिपळूण, अर्जुना-कोदवलीच्या संगमावरचे राजापूर इथे पुराचे पाणी उधाणाच्या वेळी समुद्राकडे उतरतच नाही. 80 हेक्टरांचे धरण पऱ्याकाठच्या दहा-वीस घरांना वाचवते, शहराला नाही.

प्रश्न : सांडवा पुरेसा रुंद आहे हे ढोबळमानाने कसे काढावे? (पदविका विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : संगमेश्वरचेच धरण घेऊ. नेहमीचे सूत्र : वाहण्याचा गुणक (पडलेल्या पावसातला वाहून येणारा वाटा), तासाचा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि पाणलोट हेक्टरमध्ये, यांचा गुणाकार भागिले 360. गुणक 0.6, तासाला 100 मिलिमीटर, 80 हेक्टर : सेकंदाला 13 घनमीटर. आता सह्याद्रीच्या पंख्यासारख्या पाणलोटांसाठी वापरले जाणारे इंग्लिस सूत्र लावा : 124 गुणिले चौरस किलोमीटर, भागिले (चौरस किलोमीटर अधिक 10.4) चे वर्गमूळ. 0.8 चौरस किलोमीटरला उत्तर येते जवळजवळ 30. दुपटीहून जास्त!

फरक का पडतो? लहान, तीव्र उताराच्या पाणलोटात पाणी पंधरा-वीस मिनिटांत धरणाशी पोहोचते, आणि तेवढ्या वेळापुरता पावसाचा जोर तासाच्या सरासरीपेक्षा बराच जास्त असतो. पहिल्या सूत्रात 100 घालताना आपण तो दडपलेला असतो. अशा वेळी मोठा आकडा घ्यायचा. रुंद माथ्याच्या सांडव्यावरून विसर्ग 1.7 गुणिले रुंदी गुणिले जाडीचा दीड घात. जाडी एक मीटर धरली तर 30 घनमीटरला साडेसतरा मीटर रुंदी लागते. पहिल्या सूत्राने पावणेआठ मीटरमध्ये काम उरकले असते. साडेसात ते बारा मीटर जलशीर्षाच्या (अडलेल्या पाण्याच्या उंचीच्या) लहान धरणांना भारतीय मानक 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा सांडवा मागते, हेही लक्षात ठेवा.

रुंदी जमली की सांडव्याखालचा पुच्छ कालवा, म्हणजे सांडलेले पाणी पुढे नेणारा चर, बघायला जा, कारण आपल्याकडे खरी गंमत तिथे आहे. सड्यावरचा जांभा वर कडक असतो, पण त्याखाली बहुधा पांढरट-गुलाबी, हाताने कुस्करली जाणारी चिकट माती लागते. पाणी ती खालून पोखरते, वरचे चिरे निराधार होऊन कोसळतात, आणि धबधब्याची कड दर पावसाळ्यात धरणाकडे सरकते. कडेला चुन्याची खूण करून ठेवा आणि दसऱ्याला अंतर मोजा. कड सरकत असेल तर खाली काँक्रीटची आडवी भिंत किंवा जाळीतल्या दगडांच्या पायऱ्या कराव्या लागतील.

प्रश्न : खेकड्यांमुळे धरण फुटते हे खरे की थट्टा? (चिपळूण)

उत्तर : संदर्भ सगळ्यांना ठाऊक आहे. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले, वीसच्या आसपास माणसे गेली, आणि नंतर खेकड्यांवर खापर फोडणारे विधान झाले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या, हेही त्या वेळी छापून आले.

गोड्या पाण्यातले खेकडे, म्हणजे मुठे, पाण्याच्या कडेला बिळे करतात. ती सहसा हात-दीड हात खोल असतात. तळ्याच्या पातळीला भिंतीची जाडी दहा मीटरच्या वर असते. नीट दाबलेल्या, तीन मीटर रुंद माथ्याच्या भिंतीला खेकडा आरपार भोक पाडत नाही. पण भिंत आधीच पोकळ असेल, पाइपाच्या कडेने माती बसलेली नसेल, पिचिंगखाली खडीची गाळणी नसेल, तर बीळ हे त्या पोकळीचे तोंड ठरू शकते. वाळवीची वारुळे, घुशी आणि साळिंदराची बिळे याहून वाईट, कारण ती बाहेरच्या उतारावर आणि खोल असतात. बीळ दिसले की तोंडाशी माती कोंबू नका. शेवटापर्यंत खणा, मग ओलसर चिकणमाती 15 सेंटिमीटरच्या थरांनी धुम्मसाने ठोकत भरा.

प्रश्न : धरणाच्या पायथ्याशी बारा महिने पाणी झिरपते. घाबरायचे केव्हा? (लांजा तालुका)

उत्तर : मातीचे प्रत्येक धरण पाझरते. पाणी कुठून येते, किती येते आणि कसे दिसते, हे बघायचे.

पायथ्याच्या दगडी निचऱ्यातून नितळ पाणी येत असेल तर निचरा आपले काम करतो आहे. तेच पाणी पायथ्याच्या वर, उताराच्या मध्यावर फुटत असेल तर भिंतीतली ओलीची रेषा वर चढली आहे. मार्च-एप्रिलात सगळा उतार वाळून पिवळा पडलेला असताना एकाच पट्ट्यात हिरवे गवत आणि खाली नेचे दिसले, की ती जागा खुंटी मारून ठेवा. विमोचकाचा पाइप जिथे बाहेर पडतो तिथे पाइपाच्या आतून गळणारे पाणी वेगळे आणि पाइपाला चिकटून बाहेरून येणारे पाणी वेगळे. दुसरे धोक्याचे. पाइपाच्या पोटाखाली धुम्मस पोहोचत नाही, तिथली माती सैल राहते, आणि पाण्याला सरळ वाट मिळते. सांडव्याची चिऱ्याची भिंत मातीला भिडते तो सांधा, आणि जांभ्याच्या पोकळ्यांतून भिंतीच्या टोकाला वळसा घालून येणारे पाणी, याही नेहमीच्याच जागा.

मोजायला खर्च नाही. झिरपा एका चरात गोळा करून 20 लिटरची बादली धरा. 40 सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर. कायमची सोय हवी असेल तर पत्र्यात काटकोनी खाच कापून चरात बसवा : खाचेत पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटरच्या किंचित वर, दहा सेंटिमीटर म्हणजे साडेचारच्या जवळ. शेजारी तळ्याची पातळीही लिहा. पावसाळ्यात उतारावरून गळणारे पावसाचे पाणी त्यात मिसळते, म्हणून दोन-तीन दिवसांची उघडीप पाहून मोजा. तळे उतरले की झिरपाही उतरला पाहिजे. तळे तेवढेच आणि झिरपा वाढला, तर कळवायची वेळ झाली.

मग काचेची बाटली. झिरप्याचे पाणी भरून तासभर स्थिर ठेवा. तळाशी बोटभर सोडा, नखाएवढाही लालसर थर बसला तर भिंतीच्या आतली माती बाहेर येते आहे. पाणी जमिनीतून फुटते ते तोंड छोटे आणि भोवती बारीक मातीचे कडे, भातुकलीतल्या चुलीसारखे, अशी खूण पायथ्याबाहेरच्या शेतातही दिसू शकते, आणि तिचा अर्थ तोच.

गढूळ पाणी दिसले तर आधी खालच्या वाडीला उठवा, नंतर बाकीचे. बाहेरच्या तोंडावर चिकणमाती, गोणपाट, प्लास्टिक असे काहीही कोंबू नका. कोंडलेले पाणी शेजारून फुटते. तोंडावर आधी जाड वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड असा किमान दोन-अडीच फुटांचा ढीग द्या : पाणी येऊ द्या, माती अडवा. आतल्या बाजूला पाण्यात भोवरा दिसत असेल तर मात्र त्या तोंडावर ताडपत्री आणि मातीच्या गोणी टाका. विमोचक पूर्ण उघडा. इथे दिवसाला 30 सेंटिमीटरचा नियम बाजूला ठेवायचा, कारण आतला उतार घसरला तर दुरुस्त होतो.

प्रश्न : भिंतीवर काजू लावून उत्पन्न घ्यावे का? आणि माथ्यावरून गाड्या नेऊन तिथेच पार्किंग केले तर? (दोन वेगळी पत्रे, दापोली आणि देवगड)

उत्तर : दोन्हींना नाही.

काजू असो, आकेशिया असो की आपोआप उगवलेला ऐन-किंजळ, झाड मेले की मुळे कुजतात आणि मनगटाएवढ्या नळ्या मागे राहतात. वादळात झाड उन्मळले तर मुळाबरोबर गाडीभर माती जाते. रोप करंगळीएवढे असतानाच काढा. मोठी झाडे असतील तर नुसती तोडू नका. फेब्रुवारी ते एप्रिल, पाणी खाली असताना, बुंधा आणि जाड मुळे खणून काढा आणि खड्डा थराथराने दाबून भरा. बाहेरच्या उताराला हरळी किंवा स्थानिक गवत हवे, ओघळ पडतात तिथे वाळ्याच्या आडव्या ओळी. दोनदा कापा. गुडघाभर गवतात झिरपा दिसत नाही.

माथ्यावर गाड्यांनी चाकोऱ्या पडतात, चाकोरीत पाणी साचते, आणि तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात ते एका जागी फुटून बाहेरच्या उतारावर ओघळ पाडते. माथ्याला तळ्याच्या बाजूला किंचित उतार ठेवा. दोन्ही टोकांना दगड उभे करा, पायी वाट राहू द्या. दरवर्षी मेमध्ये गवंड्याच्या पाण्याच्या नळीने माथ्याची पातळी दर दहा मीटरवर बघा आणि खचलेली जागा त्याच प्रकारच्या मातीने दाबून भरा.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात सांडव्याखाली भिजायला शेकडो लोक येतात. बंदी घातली तर रोजगार जातो. काय करावे? (कणकवली तालुका)

उत्तर : सांडव्यावर फक्त फूटभर पाणी असले तरी उंबरठ्यावर त्याचा वेग सेकंदाला सव्वा ते दीड मीटर असतो. तीन मीटर खाली उतरेपर्यंत तो सातच्या पुढे जातो. खाली शेवाळलेला कातळ. वरच्या डोंगरात ढग फुटला तर 80 हेक्टरांच्या पाणलोटातून पाणी चढायला वीस मिनिटेही लागत नाहीत आणि खाली ऊन पडलेले असते. सांडवा, त्याखालचा डोह आणि विमोचकाची विहीर या तीन जागा बारा महिने बंदच हव्यात. पाण्याखालच्या उघड्या पाइपाची ओढ पोहणाऱ्याला वरून दिसत नाही. पाइपाच्या तोंडाला जाळी हवी आणि त्या जागी तरंगता लाल पिंप.

रोजगारासाठी लोकांना काठाच्या नैसर्गिक बाजूला न्या. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव बघण्यासारखा आहे. 1530 सालचा मातीचा बांध, 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत घेतलेला, आणि काठावर भगवतीचे देऊळ. धक्का, पायऱ्या, चहाची टपरी, सगळे भिंतीपासून आणि सांडव्यापासून दूर कठीण जमिनीवर करा. भिंतीच्या पिचिंगमधले दगड काढून पायऱ्या करणे हा सर्वांत सर्रास दिसणारा आणि सर्वांत महागात पडणारा उद्योग आहे. पायडलच्या किंवा वल्ह्याच्या बोटी चालतील. मोटारबोटीच्या लाटा एवढ्याशा तळ्यात पिचिंगखालची माती धुतात. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, जूनपासून दसऱ्यापर्यंत बोटी काठावर उलट्या. तळे पावसाळ्यात रिकामे ठेवायचे ठरवले असेल तर तसेही दुसरे काही करता येणार नाही. आणि पावसाळ्यात अंगावर जखम असलेल्याला पाण्यात उतरू देऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) मुलूख आहे हा.

प्रश्न : लहान धरणाची तपासणी करायची जबाबदारी कोणाची? (मंडणगड)

उत्तर : ज्याच्या ताब्यात धरण, त्याची. 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामे बहुधा जिल्हा परिषदेकडे असतात, त्यावरची राज्याच्या मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. धरण सुरक्षा कायदा 2021 पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची करतो, पण तो 15 मीटरहून उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांपैकी 500 मीटर लांबी किंवा दहा लाख घनमीटर साठा यांसारखी एखादी अट पुरी करणाऱ्यांना लागू होतो. वाडीवरची बहुतेक धरणे त्यात बसत नाहीत. म्हणून गावाने वही ठेवावी : तारीख, तळ्याची पातळी, झिरपा, झडप किती फेरे उघडे, कुठे ओल. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, फोटोत मोजपट्टी दिसू द्या. ‘गळते आहे’ यापेक्षा ‘पातळी तीच, झिरपा अर्ध्या लिटरचा दीड लिटर झाला’ हे कार्यालयात लवकर हलते.

प्रश्न : गाळ काढायला जेसीबी मिळतो आहे. कुठून किती काढावा? (राजापूर तालुका)

उत्तर : भिंतीच्या आतल्या पायथ्यापासून दूर. तिथे साचलेला बारीक गाळ हे फुकट मिळालेले अस्तर असते. ते खरवडले की पायाखालचा पोकळ जांभा उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात झिरपा अचानक वाढतो. ठोकताळा असा : भिंतीच्या उंचीच्या पाचपट, किमान 30 मीटर अंतर सोडा. मूळ तळापेक्षा खोल जाऊ नका. बादलीत काळपट-लाल मऊ गाळाऐवजी मुरूम किंवा चिऱ्याचे तुकडे येऊ लागले की थांबा. सर्वांत जास्त गाळ पऱ्या तळ्यात शिरतो त्या तोंडाशी असतो, तिथून सुरुवात करा. तिथेच चिऱ्यांचा कंबरभर उंचीचा आडवा बांध घातला तर पुढचा गाळ त्यामागे साचेल आणि दरवर्षी ट्रॅक्टरने काढता येईल. यंत्र भिंतीवरून न उतरवता काठाकडून उतरवा. काढलेला गाळ भातखाचरात किंवा कलमांच्या आळ्यांत टाका. भिंतीच्या बाहेरच्या पायथ्याशी ढीग लावाल तर दगडी निचऱ्याचे तोंड बुजेल.